शनिवारी आलेल्या पत्र्याची हकीकत

श्री शनैश्वर प्रसन्न.

हकीकत लिहिण्यास कारण ऐसे जे, सौभाग्यवती शुभांगीबाई बाळंतपणास माहेरी मुक्कामी असता त्यांनी आज्ञा केली की, ज्या छपराखाली आपण निजलो आहोत, त्या छपरासाठी किती मसलती जाहल्या, किती मजला मारल्या आणि किती नारळ खर्ची पडले, तो सर्व मजकूर लिहून ठेवावा, म्हणजे पोटातील जीव मोठा होऊन वाचील आणि वर बघून नमस्कार करील. आज्ञा शिरसावंद्य मानून लेखकाने लेखणी हाती घेतली. लेखक कोण, तर शेजारचा. शेजाऱ्यास घरातील खलबते कशी कळली, ऐसी शंका कोणी घेईल, तर शिंगणापुरी घरांस चौकट असते, दार नसते, हे जगजाहीर आहे. शनिदेवाचे राज्यात कडी-कुलपाचा रिवाज नाही. चौकटीस पडदा असतो, आणि वारा आला की पडदा आणि मजकूर दोन्ही बाहेर येतात. सबब लिहिले ते डोळादेखत लिहिले, आणि जेथे डोळे पोचले नाहीत तेथे कान पोचले.

राजमान्य राजश्री रंभाजीराव, उमर साठ, ऊस दोन एकर, गाई तीन, मत एक आणि तेही न बदलणारे, हे या दौलतीचे धनी. त्यांचे कुटुंब विमलबाई, ज्यांचे हुकमाखेरीज घरात चहास आधण पडत नाही. घराचा पुढला भाग स्लॅबचा, आणि मागल्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे, जे धन्याचे लग्नाचे साली चढविले आणि पुढे बदलण्याचे नाव कोणी काढिले नाही. ते पत्रे मागली बारा वर्षे गळत होते. विमलबाईंनी तितकीच वर्षे पर्जन्याशी एकटीने झुंज दिली. प्रत्येक थेंबास भांडे नेमलेले होते. कोपऱ्यातील थेंबास पितळी पातेले, कणगीवरील थेंबास घमेले, खाटेवरील थेंबास दुधाची किटली, आणि ज्या थेंबाचा ठिकाणा रोज बदलत असे त्यास स्वतः विमलबाई तांब्या घेऊन हजर. रंभाजीराव दर वर्षी डांबर आणून भोके बुजवीत आणि पर्जन्य दर वर्षी नवी भोके शोधी. यास रंभाजीराव डागडुजी म्हणत, विमलबाई काहीएक म्हणत नसत.

ऐसे चालले असता चैत्र मासी कन्या शुभांगीबाईंस सातवा महिना लागला आणि ओटीभरणाचा समारंभ माहेरी ठरला. श्रीरामपुराहून विहीणबाई झुंबरबाई लेकसुनेसह दाखल जाहल्या. झुंबरबाई म्हणजे मोठे मातबर प्रकरण. बाजारपेठेत राहणे, बोलणे साखरेसारखे, आणि नजर अशी की, भिंतीवरील पाल देखील मान खाली घालून निघून जाई. मागल्या खोलीत पाने मांडली, पुरणपोळी वाढली, कटाच्या आमटीची वाटी भरली, इतकियात आभाळ भरून आले आणि अवकाळी गारा सुरू जाहल्या. लिंबाएवढी गार पत्र्यावर आदळली, पत्र्यास नवे भोक पडले, आणि त्या भोकातून पहिला थेंब निघून थेट झुंबरबाईंच्या आमटीच्या वाटीत पडला. आमटी उडाली ती विहीणबाईंच्या नव्या पैठणीवर. पंगतीत कोणी घास गिळीना.

झुंबरबाईंनी वर पाहिले, मग वाटीत पाहिले, मग पदराने डाग टिपून बहुत गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्याकडं खोली कोरडी हाय. पोरीचं बाळंतपन तिकडंच करू. तुमी उगी जिवाला घोर लावून घेऊ नगा."

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा रिवाज किती पिढ्यांचा आहे हे कोणी लिहून ठेवले नाही, परंतु तो मोडला तर आईस काय वाटते हे लिहिण्यास लेखकास शब्द पुरत नाहीत. विमलबाईंचे स्वतःचे पहिले बाळंतपण माहेरी जाहले, त्यांच्या आईने लेकीस शेक दिला, नातवंडास पहिली अंघोळ आपल्या पायांवर घातली. विमलबाईंच्या मनी वर्षानुवर्षे एकच हाव, की शुभांगीचे बाळ आपल्या पायांवर निजवून त्यास ऊन पाणी घालावे. ती हाव त्या एका थेंबात वाहून जाऊ लागली. त्या मागे गोठ्यात जाऊन रडल्या. हे लेखकाने पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि विहीणबाईंशी बोलणे लावले. तह ठरला तो येणेप्रमाणे. वैशाखातली अमावास्या शनिवारी येते, त्या पुढल्या शनिवारी झुंबरबाई शुभांगीसह देवदर्शनास येतील. मागली खोली जातीनिशी पाहतील. कोरडी दिसली तर लेक माहेरी राहील, एक थेंब दिसला तर त्याच पावली श्रीरामपुरास परत जाईल. तहावर साक्ष पुरणपोळीची.

मेहमानांची पाठ फिरताच मसलत बसली. रंभाजीरावांनी फर्माविले की, छप्पर घालणे ते मंगलोरी कौलांचे. आपण ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, तीस कौले होती, उन्हाळ्यात तेथे गारवा असे, झोप बहुत गाढ लागे. चिरंजीव चेतनराव, जे शिर्डीस एका हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्यांचा कारभार पाहतात, त्यांनी अर्ज केला की, कौले जुनी जाहली, आता जमाना पाटीच्या दगडाचा आहे. त्यांचे हॉटेलाचे दाराशी काळ्या पाटीचे छप्पर असून मुंबईचे पाहुणे त्याखाली उभे राहून फोटो काढतात, आणि दगड असल्याने तो शंभर वर्षे हलत नाही. तिसरे मत अजिनाथ मिस्त्रींचे. हे वेल्डिंगचे काम करणारे, गावात ज्या ज्या ठिकाणी लोखंडास लोखंड चिकटले ते यांनी चिकटविले. त्यांचे म्हणणे एकच, "पत्रा टाका आन् इसरून जा."

घरास दार नसल्याने सल्ल्यास आडकाठी नव्हती. पडदा सारून जो येई तो मत देऊन जाई. दुधाची गाडी आली तिने कौलांची शिफारस केली. परगावचा एक भक्त मंदिराची वाट विचारण्यास आत आला, तो बसला, चहा घेतला, आपल्या मेव्हण्याचे पत्रे वादळात कसे उडाले ते सविस्तर सांगितले आणि वाट न विचारताच निघून गेला. आठ दिवस हा दरबार चालला. साखरेचा डबा रिता जाहला, छपराचा निकाल लागेना.

तेव्हा विमलबाईंनी हुकूम सोडला की, तोंडे बंद करावी आणि तिन्ही माल अंगणात आणून मांडावे, जो गारेपुढे टिकेल तो वर चढेल. चेतनरावांनी शिर्डीहून पाटीचा एक तुकडा पिशवीतून आणिला. रंभाजीरावांनी कौल आणिले. अजिनाथांनी पत्र्याचा तुकडा आणून विटांवर ठेविला. आता वैशाखाचे उन्हात गारा कोठून आणाव्या, हा पेच पडला. परंतु शिंगणापुरी नारळास काय तोटा. रंभाजीराव खासे तीन नारळ घेऊन स्लॅबवर चढले आणि देवाचे नाव घेऊन वरून सोडू लागले.

पहिला नारळ कौलावर पडला. कौलाचे पाच तुकडे जाहले, नारळाच्या केसासही धक्का नाही. रंभाजीरावांचे तोंड उतरले. दुसरा नारळ पाटीवर पडला. पाटी दुभंगली आणि नारळही दुभंगला, म्हणजे दोघे रणी पडले आणि पाणी चेतनरावांच्या बुटांत गेले. तिसरा नारळ पत्र्यावर पडला. पत्र्यास जरासा पोचा आला, नारळ उसळला, अंगण ओलांडून दार नसलेल्या चौकटीतून थेट घरात शिरला आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन थांबला. हे पाहून जमल्या मंडळींनी हात जोडले. अजिनाथ मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरविला.

चेतनराव तरी हटले नाहीत. म्हणाले, नारळ रोज थोडेच पडतात, पाटी जाड घेऊ. तेव्हा अजिनाथांनी मागल्या भिंतीस अंगठ्याने टोचून पाहिले. मातीत रचलेल्या विटा, मातीचा गिलावा. माती झरझर खाली आली. अजिनाथांनी निकाल सांगितला, "चेतनदादा, हा दगुड वर ठेवला तर वर ऱ्हानार न्हाई. भिंतींसकट खाली येईल आन् खालीच ऱ्हाईल. शंभर वर्सं." येणेप्रमाणे पाटीचा पक्ष मोडला. दुभंगलेल्या पाटीचा अर्धा तुकडा चेतनरावांनी उचलून कपाटावर ठेविला, तो पुढे कामास आला.

आता पत्रा जिंकला असे सर्वांस वाटले, तो विमलबाईंनी दुसरी अट घातली. त्यांचे म्हणणे, गळाले नाही म्हणजे झाले असे नव्हे. पत्र्यावर पाऊस वाजला की पत्रा ताशासारखा वाजतो, आणि खाली बाळ निजलेले. बाळ दचकले, रात्रंदिवस रडले, तर विहीणबाई म्हणतील, कोरडी आहे पण निजवेना. रंभाजीरावांस पुन्हा जोर आला आणि ते कौलांच्या गारव्यावर आणि शाळेतील झोपेवर दुसऱ्यांदा बोलू लागले, तो विमलबाईंनी शेजारच्या निकिताबाईंस बोलावून पाठविले. निकिताबाईंचे बाळ चार महिन्यांचे, नुकते दूध पिऊन गाढ निजलेले. ते पाळण्यासह आणून विटांवरील पत्र्याच्या बाजूस ठेविले. मग विमलबाईंनी ओंजळभर हरभरे घेतले आणि पत्र्यावर धारेने सोडले. बाळ ऐसे उठले की, पार मंदिराच्या रांगेतील माणसांनी माना वळविल्या.

बाळास पुन्हा निजविण्यास एक घटका लागली. तोवर अजिनाथ मिस्त्री आपल्या दुकानी जाऊन दुसरा तुकडा घेऊन आले. हा पत्रा जाड, आणि त्याचे पोटाशी बोटभर फोमचा थर चिकटविलेला. त्यावर हरभरे सोडले. आवाज आला तो तुरीच्या शेंगा सुपात पडाव्या तितका. बाळाने एकदा ओठ हलविले आणि निजून राहिले. मग रंभाजीरावांनी, कोणी सांगितले नसता, आत जाऊन पायलीभर हरभरे आणिले आणि मोठ्या उंचीवरून ओतले. बाळ निजलेलेच. रंभाजीराव बराच वेळ त्या बाळाकडे पाहत उभे राहिले आणि मग हळूच विचारते जाहले, "ह्यो पत्रा कौलावानी दिसनारा मिळंल का?"

अजिनाथ म्हणाले, मिळतो, वळणे पाडलेला, रंगही विटकरी. तेव्हा धन्याची अब्रू राहिली, कुटुंबाचा हट्ट राहिला, आणि निकाल ऐसा लागला की, कौलासारखा दिसणारा, पोटाशी फोम असलेला लाल पत्रा घेणे. हरभऱ्याची उसळ घरात पाच दिवस चालली, आणि लेखकासही दोन वेळा पोचली.

माल श्रीरामपुरास पाहून ठेविला. मापे रंभाजीरावांनी दिली, आणि ती त्यांनी टेपाने न घेता पावलांनी घेतली, कारण रानात उसाच्या सऱ्या ते पावलांनीच मोजतात आणि आजवर चूक निघाली नाही. फरक इतकाच की रानात ते सावकाश चालतात आणि छपराचे माप घेताना घाईत होते, सबब पावले आखूड पडली आणि पत्रे चार जास्त मागविले गेले. हे पुढे कळले. माल पोचण्याचा दिवस शुक्रवार ठरला. तो ठरविताना बहुत सावधगिरी राखली, कारण शनिवारी लोखंड घरात घेऊ नये हे सर्व महाराष्ट्र जाणतो, आणि साक्षात शनिदेवाच्या गावी राहून, अमावास्येचे दिवशी, ते घेण्याचे धाडस कोण करील.

परंतु सावधगिरी राखताना गावकऱ्यांनी गावची गोष्ट विसरावी, ऐसे घडले. शनी अमावास्येची यात्रा शनिवारी भरते खरी, पण वाटा शुक्रवारीच अडतात. गावातली माणसे पायी फिरतात, त्यांस वाहनांच्या रस्त्याची खबर नसते. टेम्पो शुक्रवारी दुपारी राहुरीच्या बाजूने निघाला, तो शिंगणापूरच्या अलीकडे दोन कोसांवर बंदोबस्तात अडकला. पुढे मोटारी, मागे मोटारी, बाजूस तेलाच्या बाटल्या विकणारे. टेम्पोचे चालक कानिफनाथ यांनी रात्र तेथेच काढली आणि शनिवारी सकाळी दहाचे सुमारास, डोळे लाल, पोट रिकामे, अशा अवस्थेत टेम्पो रंभाजीरावांचे दारी, म्हणजे चौकटीपुढे, आणून उभा केला.

लाल पत्रा उन्हात झळकत होता. रंभाजीराव आनंदाने पुढे धावले आणि वाटेतच थबकले, कारण वार ध्यानी आला. मागे वळून पाहतात तो विमलबाई उंबऱ्यावर मांडी घालून बसलेल्या. त्या घरास जन्मात प्रथमच दार लाभले, ते त्या स्वतः.

"आज लोखंड आत येनार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवंडाच्या डोक्यावर शनवारचं लोखंड न्हाई."

चेतनराव सुटीवर होते. त्यांनी मोबाईलात पाहून दलील काढली की, हा पत्रा वरून ॲल्युमिनियमचा आहे, लोखंड म्हणता येत नाही. यावर रंभाजीरावांनी जुन्या रेडिओतील लोहचुंबक काढून आणिले आणि पत्र्यास लाविले. ते ऐसे चिकटले की, काढण्यास तिघे लागले. दलील तेथेच संपली. दुसरी दलील की, पावती गुरुवारची आहे, म्हणजे खरेदी गुरुवारची. विमलबाईंनी विचारले, पावती डोक्यावर घालायची का पत्रा. 

इकडे कानिफनाथांनी आपली अडचण मांडली की, त्यांस पुढे माल न्यावयाचा आहे, उतरवून घ्यावे नाहीतर ते परत जातील, आणि पुन्हा इकडची फेरी पंधरा दिवसांनी.  पंधरा दिवस म्हणजे विहीणबाईंचा शनिवार टळला. लेक टळली. विमलबाईंचा चेहरा लेखकाने पाहिला आणि तो सांगण्याजोगा नव्हता. देवाचा धाक एका बाजूस आणि लेक दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये उंबऱ्यावर त्या. कोणतेही एक सोडता येईना.

मग त्या उठल्या. लोकांस वाटले, वाट सोडली. त्या वाट सोडून स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून हुकूम आला की, पाहुण्यांस हातपाय धुण्यास पाणी द्यावे.

येथून जो वेढा पडला तसा वेढा लेखकाने ऐकिला नाही. प्रथम चहा आणि खारी. मग गरम बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, कांदा, आणि वर लोणी. कानिफनाथ काल दुपारपासून उपाशी. त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि निघतो म्हणाले, तो ताक आले. ताक प्यायले तो झोप आली. दोन तासांनी उठून टेम्पोकडे निघाले, तो पुरण शिजल्याचा वास आला. ते पुन्हा बसले आणि रविवारपर्यंत थांबण्यास राजी जाहले. फक्त एक शंका त्यांस होती, की माल रात्रभर उघड्यावर ठेवायचा, रखवाली कोण करील. रंभाजीरावांनी हसून चौकटीकडे बोट दाखविले आणि म्हणाले, "पाव्हनं, आमच्याकडं घरालाच दार न्हाई. टेम्पोला कशाला हात लावंल कोन." कानिफनाथांस हे पटले आणि त्यांनी दोर सैल करून पाय पसरले.

पुरणपोळी खाताना माणूस मनातील बोलतो. कानिफनाथांनी विचारले, छपराची एवढी घाई कशास. रंभाजीरावांनी सर्व हकीकत सांगितली आणि विहीणबाईंचे नाव घेतले. ते ऐकून कानिफनाथांचा घास तसाच राहिला.

"झुंबरबाई? आमच्याच गल्लीतल्या की," ते म्हणाले. "त्यांच्याकडं कुठली आली कोरडी खोली? त्या गारांच्या पावसात त्यांचं मागलं छप्पर फुटलं. मीच ताडपत्री बांधून आल्तो. दोन ठिकानी गळतंय अजून. लई कष्टी झाल्त्या. कुनाला सांगू नको म्हनल्या."

 रंभाजीरावांचे डोळे चमकले. गनिमाचा दारूगोळा आपसूक हाती लागला होता. त्यांनी खिशातून मोबाईल काढिला की, आता श्रीरामपुरास एक फोन लावावा आणि कोरड्या खोलीची चौकशी करावी. विमलबाईंनी हात पुढे केला, मोबाईल घेतला आणि डब्यांच्या फळीवर ठेवून दिला.

"त्यांचं गळतंय म्हनून आपलं थांबनार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "कुनी ह्यातला सबुद काढायचा न्हाई."

हुकूम जाहला तो सर्वांनी पाळिला. लेखकानेही पाळिला, आणि तो पाळणे किती कठीण गेले ते त्याचा तो जाणतो.

रविवारी सूर्य उगवल्यावर पहिल्या पत्र्यास हळदकुंकू लावून माल उतरविला. कानिफनाथ डबा भरून घेऊन मार्गस्थ जाहले. अजिनाथ मिस्त्रींनी चार दिवसांत जुने पत्रे उतरविले, छपरास आधाराच्या लोखंडी नळ्या उभ्या केल्या, लाल पत्रा चढविला, आणि प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती घातली आहे की नाही, हे विमलबाईंनी खाली उभे राहून एकेक करून विचारून घेतले. शेवटी चार पत्रे शिल्लक राहिले. रंभाजीराव म्हणाले, हे आपण मुद्दाम मागविले. 

मग तो शनिवार उगवला. झुंबरबाई देवदर्शन करून, कपाळी अंगारा, संगे शुभांगीबाई, अशा दुपारी बाराचे सुमारास येऊन थडकल्या. आल्या त्या थेट मागल्या खोलीत. वर पाहिले. लाल वळणे, एक रेघ वाकडी नाही. झुंबरबाईंनी मागल्या वेळी जेथे बसल्या होत्या तेच ठिकाण शोधून तेथेच पाट मांडविला आणि म्हणाल्या, वर ऊन आहे तोवर कोणतेही छप्पर कोरडे असते. विमलबाईंनी मान डोलावली आणि ताट वाढले. तीच पुरणपोळी, तीच आमटी, तीच वाटी. मग त्यांनी अंगणात हाक दिली.

अजिनाथ स्लॅबवर उभे होतेच. विहिरीवरील मोटर सुरू जाहली आणि उसास पाणी देण्याचा जाड पाइप नव्या छपरावर सोडला. पाणी पत्र्यावरून धो धो वाहू लागले आणि अंगणात ओहोळ सुटले, कोंबड्या गोठ्यात पळाल्या, पडद्याबाहेर गाव जमले. आत आवाज म्हणावा तर दूरवर ओढा वाहतो तितका. झुंबरबाई वाटीकडे पाहत बसल्या. शुभांगीबाई आईकडे पाहत बसल्या. विमलबाई कोठेही पाहत नव्हत्या, डोळे मिटून होत्या. अर्धा तास ही धार चालली. झुंबरबाईंनी आमटीत बोट बुडवून चाखली, पाणचट जाहली की काय म्हणून. जाहली नव्हती. इतकियात लोडशेडिंगची वेळ आली, मोटर बंद पडली, पर्जन्य थांबला.

झुंबरबाईंनी आमटी वाटीतून तोंड लावून पिऊन टाकली आणि म्हणाल्या, "शुभी, तुझी पिशवी आत ठेव."

बाहेर लोकांनी गलका केला, चेतनरावांनी नारळ फोडला, हा मात्र दगडावर. रंभाजीराव नाक शिंकरण्याचे निमित्ताने गोठ्यात गेले. आत खोलीत दोघी विहिणी राहिल्या आणि पडद्याशी लेखक. झुंबरबाई पुन्हा पुन्हा वर पाहत होत्या, पण आता ते पाहणे निराळे होते. शेवटी त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, हा पत्रा कोणत्या दुकानचा, आणि मिस्त्री गावाबाहेर काम करतो का.

विमलबाई म्हणाल्या, "चार पत्रे उरल्यात. तुमच्या मागल्या खोलीला पुरत्याल. कानिफनाथाला बोलावून त्याच्या टेम्पोत घालून देते, अजिनाथबी येईल संगं."

 झुंबरबाईंच्या कानाची पाळी लाल जाहली. पदर सावरून म्हणाल्या, "तुमाला कवापासनं म्हाईत?"

"आमावस्येपासनं."

"मंग बोलला का न्हाई? म्या तर भर पंगतीत बोलले हुते."

विमलबाईंनी ताट उचलले, पाटावरची शिते वेचली आणि म्हणाल्या, "मी बारा वर्सं पातेली लावल्यात, विहीणबाई. गळत्या घरातल्या बाईला काय बोलायचं?"

झुंबरबाईंनी पदर डोळ्यांस लाविला. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसले. झुंबरबाई उठून म्हणाल्या, पत्रे आजच नेऊ, उशीर नको. त्यावर विमलबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसविले, कारण वार शनिवार होता, आणि लोखंड घरातून जाणेही त्यांस मंजूर नव्हते. सबब झुंबरबाईंस मुक्काम पडला. रविवारी कानिफनाथ, फेरी नसता, पुरणपोळीच्या ओढीने हजर जाहले; पत्रे गेले, कानिफनाथ भरल्या पोटी गेले, अजिनाथ गेले. झुंबरबाई गेल्या नाहीत. घरचे छप्पर होईतो येथेच राहते म्हणाल्या, छप्पर झाल्यावर पोरीजवळ राहते म्हणाल्या, आणि सांप्रत स्वयंपाकघरात मीठ कोणी घालावे यावरून दोघींत नवी मोहीम सुरू आहे, तिचा निकाल लागणे नाही.

दफ्तरी नोंद करण्यास मजकूर येणेप्रमाणे. कौल हारले, परंतु त्याचे रूप पत्र्यास लाभले. पाटी हारली, तिचा अर्धा तुकडा घासून, कडेस लाकूड लावून, चेतनरावांनी भाचरास अक्षरे गिरविण्यासाठी ठेविला आहे. पत्र्याची फत्ते जाहली. आषाढ शुद्ध पंचमीस शुभांगीबाईंस कन्यारत्न जाहले. तिसरे दिवशी दुपारी पावसाने छपरावर मोठी चाल केली. विमलबाई बारा वर्षांच्या सवयीने धावल्या, पितळी पातेले उचलले, खोलीत आल्या आणि वर पाहत उभ्या राहिल्या. नात निजलेली, जमीन कोरडी, थेंब कोठे नाही. पातेले हातात तसेच.

मग त्यांनी ते पातेले चुलीवर ठेविले आणि नातीच्या अंघोळीस पाणी तापत घातले. येथे मोहीम संपली.